हिशोबाची वही आणि आपलं डोकं



बैठकीच्या सुरुवातीला आपण पंचसूत्री म्हणतो. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित हिशोब लेखन. पहिली चार सूत्रं सगळ्या मोठ्यानं म्हणतात. पाचव्याला मात्र आवाज जरा खाली येतो, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. "लिहायचं काम लेखनिक ताईचं, आमचं काय त्यात?" असं कितीतरी गटांत मी ऐकलं आहे.

या अंकात मी त्याच पाचव्या सूत्राबद्दल लिहिते आहे, पण वही कशी भरायची हे सांगायला नाही. पैशाचा निर्णय घेताना आपल्या मेंदूत काय चालतं आणि तिथं वही कशी मदतीला येते, ते सांगायचं आहे. सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते.

अठ्ठेचाळीस हजारांचं मशीन

केडगावजवळच्या एका गटानं कर्ज काढून मिरची कांडप मशीन घेतलं होतं, ४८,००० रुपयांचं. पहिल्या उन्हाळ्यात काम बरं चाललं. मग जवळच दुसरी गिरणी आली आणि आपलं गिऱ्हाईक कमी झालं. मी त्या गटाकडं जायला लागले तेव्हा महिन्याचा हिशोब असा होता:

कांडपाचे पैसे आले – ६,४०० रुपये.
खोलीभाडं – १,५०० रुपये.
लाईटबिल – १,९०० रुपये.
जाळी आणि दुरुस्ती – ६०० रुपये.
मशीनवर बसणाऱ्या ताईची मजुरी – ३,००० रुपये.
एकूण खर्च – ७,००० रुपये.

म्हणजे दर महिन्याला ६०० रुपये गटाच्या खिशातून जात होते. एक जण ते मशीन २०,००० ला मागत होता. बैठकीत विषय निघाला की दर वेळी एकच वाक्य यायचं, "अठ्ठेचाळीस हजार घातलेत, वीसला कसं द्यायचं?" सगळ्या माना हलवायच्या आणि विषय संपायचा.

त्यात मीही सामील होते. मी नवीन होते, तुमचं मन मोडायचं नव्हतं. मी म्हणाले, "अजून सहा महिने बघू." त्या सहा महिन्यांत ३,६०० रुपये तोटा झाला आणि मशीन शेवटी १४,००० ला गेलं. म्हणजे तिथं आणखी ६,००० गेले. "बघू" या माझ्या एका शब्दाची किंमत ९,६०० रुपये झाली. माझं शिक्षण समाजकार्याचं. हिशोबाचं पुस्तक तेव्हा मी उघडलंही नव्हतं. ही चूक का झाली हे शोधताना मला पुढच्या गोष्टी कळल्या.

गेलेला पैसा डोक्यातून जात नाही

आपल्या वहीत असतो तो झालेल्या व्यवहारांचा हिशोब. बँकेला, लेखापरीक्षणाला तो लागतो. पण हिशोबाचा आणखी एक प्रकार आहे. त्याला व्यवस्थापकीय लेखांकन म्हणतात. नाव अवघड आहे, काम सोपं आहे. पुढं काय करायचं हे ठरवण्यासाठी मांडलेला हिशोब तो हाच.

या हिशोबाचा पहिला नियम असा: जो पैसा गेला आहे आणि कुठलाही निर्णय घेतला तरी परत येणार नाही, तो पुढच्या निर्णयात धरायचा नाही. त्याला बुडीत खर्च म्हणतात. मशीन ठेवलं काय आणि विकलं काय, ४८,००० गेलेलेच होते. बँकेचा हप्ताही दोन्हीकडं भरायचाच होता, म्हणून तोही धरायचा नाही. खरा प्रश्न एवढाच होता: आज २०,००० हातात घ्यायचे, की दर महिन्याला ६०० रुपये घालत राहायचं?

असं लिहिलं की किती सोपं वाटतं! मग दहा शहाण्या बायांना आणि मला ते दिसलं का नाही?

कारण आपला मेंदू नफा आणि तोटा एकाच तराजूत तोलत नाही. डॅनियल कानेमन आणि एमोस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली हे मांडलं. पुढं २००२ मध्ये कानेमन यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं असं की शंभर रुपये सापडल्याचा जेवढा आनंद होतो, त्यापेक्षा शंभर रुपये हरवल्याचं दुःख जास्त होतं. त्यांच्या प्रयोगांत ते साधारण दुप्पट निघालं. मशीन विकलं की तोटा कागदावर पक्का होतो. नाही विकलं तर "अजून काही बुडालं नाही" असं मनाला सांगता येतं. ते दुःख टाळण्यासाठी आपण महिन्याला ६०० रुपये भरत होतो.

हे फक्त खेड्यातल्या गटांचं होतं असं समजू नका. इंग्लंड आणि फ्रान्सच्या सरकारांनी मिळून काँकॉर्ड नावाचं विमान बनवलं. खर्च वाढत गेला, फायदा होणार नाही असं दिसत होतं, तरी "एवढं घातलंय" म्हणून पैसा ओतत राहिले. या चुकीला काही लोक आजही काँकॉर्डचंच नाव देतात.

पोटात गोळा येतो तो उगीच नाही

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना मेंदूचं चित्र घेणाऱ्या मशीनमध्ये झोपवलं आणि समोर आधी वस्तू दाखवली, मग किंमत. वस्तू आवडली की मेंदूतला बक्षिसाच्या ओढीचा भाग जागा व्हायचा. किंमत फार वाटली की इन्सुला नावाचा वेगळा भाग जागा व्हायचा. हा भाग दुखणं, किळस अशा भावनांशीही जोडलेला आहे. माणूस ती वस्तू घेईल की नाही, याचा अंदाज त्या चित्रावरून बऱ्यापैकी बांधता येत होता.

म्हणजे पैसे जाताना पोटात गोळा येतो, ते काही नुसतं बोलण्यापुरतं नाही.

मग भावना बाजूला ठेवून नुसत्या आकड्यांवर निर्णय घ्यावा का? तसंही नाही. अँटोनियो दमासिओ आणि अँटॉइन बेकारा या मेंदूतज्ज्ञांनी काही रुग्णांचा अभ्यास केला. कपाळामागच्या मेंदूच्या खालच्या भागाला त्यांच्या इजा झाली होती. बुद्धी चांगली, बोलणं नीट, आकडेमोडही येते, पण भावनेचा इशारा मिळायचा बंद झाला होता. त्यांना पत्त्यांच्या चार गड्ड्या दिल्या. दोन गड्ड्यांत मोठा फायदा, पण त्याहून मोठा फटका. दोन गड्ड्यांत फायदा थोडा, पण शेवटी पैसे हातात राहणार. धडधाकट माणसं थोड्या वेळानं चांगल्या गड्ड्यांकडं वळली. वाईट गड्डीकडं हात जाताना त्यांच्या तळहाताला घाम यायचा, का ते सांगता यायच्या आधीच. रुग्णांना तसा घाम येत नव्हता आणि ते तोट्याच्या गड्ड्याच उचलत राहिले.

म्हणून ताईंनो, तुमच्या मनाला काही खटकलं तर ते बैठकीत बोला. "मला बरं वाटत नाही" ही सुद्धा माहिती आहे. फक्त ती माहिती वहीत उतरवा आणि तिच्या शेजारी आकडा मांडा.

टंचाईच्या दिवसात डोक्यात जागा कमी असते

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. उसाचं बिल उशिरा आलं की घरात काय होतं, हे आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस शेतकऱ्यांवर झालेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. आनंदी मणी, सेंदिल मुल्लईनाथन, एल्दार शफीर आणि जियायिंग झाओ यांनी तो केला. त्यांनी त्याच शेतकऱ्यांना दोनदा कोडी सोडवायला दिली. एकदा तोडणीआधी, हातात पैसा नसताना. एकदा तोडणीनंतर, पैसे आल्यावर. माणूस तोच असूनही टंचाईत कोडी कमी सुटली आणि वेळही जास्त लागला.

त्यांचं डोकं कमी झालं नव्हतं. "हप्ता कुठून भरू, दवाखान्याचं काय करू" या विचारांनी डोक्यातली जागा अडवली होती. कपाळामागचा मेंदूचा भाग एका वेळी मोजक्याच गोष्टी धरून ठेवू शकतो. तिथं काळजी बसली की हिशोबाला जागा उरत नाही.

"बाईमाणसाला पैशातलं कळत नाही" असं कुणी म्हणालं तर हे सांगा. कळतं, पण ज्या दिवशी घरात पीठ नाही, त्या दिवशी कुणालाच नीट सुचत नाही. बाप्यांनाही नाही.

यातून आपल्याला एक नियम करता येतो. मोठा निर्णय हप्त्याच्या आदल्या दिवशी घ्यायचा नाही. घ्यावाच लागला तर एकटीनं घ्यायचा नाही. आणि तोंडी तर अजिबात घ्यायचा नाही. कागदावर लिहिलेला आकडा डोक्यात धरून ठेवावा लागत नाही, तेवढी जागा मोकळी होते.

कांदा आज विकू की थांबू?

आता आपल्या रोजच्या उदाहरणावर येऊ. समजा, चाळीत ४० क्विंटल कांदा आहे. आज नेप्तीच्या मार्केटला १,४०० रुपये क्विंटल भाव मिळतोय. घरात दोन वाक्यं ऐकू येतात. "गेल्या महिन्यात शेजाऱ्यांना अठराशे मिळाले." आणि "आपला खर्चच एवढा झालाय." कुणाला २०१९ चा डिसेंबर आठवतो, तेव्हा किरकोळ बाजारात कांदा शंभर रुपये किलोच्या पुढं गेला होता.

हे तिन्ही आकडे मागचे आहेत. एकदा ऐकलेला मोठा आकडा मेंदूत खुंटीसारखा रुततो आणि पुढचा सगळा विचार त्या खुंटीभोवती फिरतो. कानेमन आणि ट्वर्स्की यांनी हेही दाखवून दिलं होतं.

आता पुढचा हिशोब मांडा. आज विकला तर ४० गुणिले १,४०० म्हणजे ५६,००० रुपये. महिनाभर ठेवला तर वजन घटेल, काही सडेल, काहीला मोड येतील. समजा, दहावा हिस्सा गेला आणि ३६ क्विंटल उरला. तेव्हा ५६,००० मिळायला भाव किती लागेल? ५६,००० भागिले ३६, म्हणजे जवळपास १,५५६ रुपये. आता घरात एकच प्रश्न विचारायचा: महिन्यानं १,५५६ च्या वर भाव जाईल असं आपल्याला खरंच वाटतं का? वाटत असेल तर थांबा. नसेल किंवा मध्येच पैशाची गरज लागणार असेल, तर विका. घट किती धरायची हे तुमच्या चाळीवर आणि मालावर आहे, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

मग लागवडीचा खर्च विसरायचा का? मुळीच नाही. खर्चही न निघणं हे दुःख खरं आहे आणि तो आकडा वहीत असलाच पाहिजे. पण तो कामाला येतो पुढच्या वर्षी कांदा किती लावायचा हे ठरवताना. आज विकायचं की थांबायचं, हे त्यावर ठरत नाही.

तोट्याची दिसणारी ऑर्डर

मशीन विकल्यावर त्या गटानं कांडप बाहेरून करून घेतलं आणि कांदा-लसूण मसाला विकायला सुरुवात केली. एक किलोचा खर्च असा: कच्चा माल २६०, कांडप २०, पिशवी आणि लेबल १५, मजुरी ३५. एकूण ३३० रुपये. शिवाय छोट्या खोलीचं भाडं महिन्याला ९०० रुपये. महिन्याला ३० किलो माल जातो, म्हणजे किलोमागं ३० रुपये भाडं. सगळं मिळून ३६०. विक्री ४०० नं.

एमआयडीसीकडच्या एका खानावळवाल्यानं विचारलं, "५० किलो घेतो, ३५० नं द्या." बैठकीत लगेच आवाज आला, "३६० चा माल ३५० ला? तोटाच की!"

इथं थांबून विचार करू. ही ऑर्डर नाही घेतली तरी खोलीचे ९०० रुपये द्यायचेच आहेत. ऑर्डरमुळं भाडं एक रुपयानंही वाढत नाही. म्हणून धरायचा तो फक्त वाढणारा खर्च, ३३० रुपये. किलोमागं २० रुपये उरतात. ५० किलोचे १,००० रुपये गटाला, आणि ३५ रुपयांप्रमाणं १,७५० रुपये मजुरी आपल्याच ताईंच्या हातात.

पण डोळे झाकून हो म्हणायचं नाही. तीन गोष्टी आधी बघायच्या. आपल्याकडं रिकामा वेळ आहे का, की त्यासाठी नेहमीचं ४०० चं गिऱ्हाईक सोडावं लागेल? ते नेहमीचं गिऱ्हाईक उद्या ३५० नं मागेल का? आणि पैसे रोख मिळणार की उधारीवर? ५० किलोच्या कच्च्या मालात १३,००० रुपये अडकतात. ते दोन महिने अडकले तर चालेल का? गटानं हे तिन्ही प्रश्न विचारले, निम्मे पैसे आधी घेतले आणि ऑर्डर घेतली.

त्यांनी मजुरी खर्चात धरली होती, हे लक्षात घ्या. पुष्कळ गट स्वतःची मेहनत धरतच नाहीत, "घरच्या घरी तर केलंय" म्हणतात. खिशातून नोट गेली नाही की मेंदूला खर्च झाल्यासारखं वाटत नाही. पण तेवढ्या तासांत तुम्ही शिवण केलं असतं, खुरपायला गेला असता, नाहीतर पाठ टेकली असती. त्याची किंमत असते. ती लिहा.

जे मी कागदावर मांडलं नाही

मशीनची गोष्ट अर्धी सांगितली, उरलेली सांगते. मशीन विकायचं ठरलं त्या दिवशी आम्ही फळ्यावर सगळे आकडे मांडले आणि सगळ्यांना पटलं. पण मशीनवर बसणाऱ्या ताईंची ३,००० मजुरी आम्ही खर्चाच्या बाजूला लिहिली आणि पुढं गेलो. गटाला तो खर्च होता. त्या ताईंच्या घरात महिन्याची नक्की येणारी रक्कम तेवढीच होती. त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या दोन बैठकांना आल्याही नाहीत.

आकडे चुकले नव्हते, पण प्रश्न अपुरा विचारला होता. "गटाचं काय होईल?" एवढंच विचारलं, "कुणाचं काय जाईल?" हे विचारायचं राहिलं. नंतर गटानं ठराव केला की पॅकिंगचं काम आधी त्या ताईंना मिळेल. आज त्या बैठकीला येतात. पण महिन्याला तीन हजार अजून होत नाहीत, हेही सांगितलं पाहिजे.

पुढच्या बैठकीत करून बघा

कुठलाही पैशाचा निर्णय असो, फळ्यावर किंवा वहीत चार रकाने आखा.

१. गेलेला पैसा: काहीही केलं तरी परत न येणारा. लिहा आणि त्यावर एक रेघ मारा.
२. "हो" म्हटलं तर पुढं काय येईल, काय जाईल?
३. "नाही" म्हटलं तर पुढं काय येईल, काय जाईल? आपला वेळसुद्धा धरा.
४. कुणाचं काय जाईल? मनाला काय खटकतंय? प्रत्येकीला विचारा, गप्प बसणाऱ्या ताईला आधी.

चौथा रकाना भरल्याशिवाय हात वर करायला सांगू नका.

शेवटी एक गोष्ट. सुदिप्ता बसू, जॉन डिकहॉट आणि त्यांच्या साथीदारांनी २००९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी माणसांना एकमेकांशी देवाणघेवाण करायला लावली. काहींना नोंद ठेवायची मुभा दिली, काहींना नाही. नोंद ठेवणाऱ्यांना कोण कसं वागलं हे लक्षात राहिलं, आणि जो नीट वागला त्याच्याशी तेही नीट वागले. व्यवहार गुंतागुंतीचा झाला की आठवण पुरत नाही आणि तिथं नोंद विश्वास टिकवते.

आपल्या गटात दहा घरं, दहा स्वभाव आणि एक पेटी आहे. "मी भरले होते", "नाही भरले" यावरून गट फुटलेले तुम्ही पाहिले आहेत. म्हणून पाचवं सूत्र लेखनिक ताईवर सोडू नका. पुढच्या बैठकीत ते पहिल्या चारांइतक्याच मोठ्यानं म्हणा, आणि चार रकान्यांची वही तयार ठेवा. मी आले की आधी तीच बघायला मागणार आहे.

तुमची,
क्षेत्र समन्वयक, केडगाव